आईचा नंबर, मुलीचे डोळे

पत्राचा सारांश : दादरहून एका आईने लिहिलं आहे. त्यांचा नंबर मायनस साडेसहा, नवऱ्याचा मायनस तीन. मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत, सकाळची शाळा. तिला चष्मा नाही, फळ्यावरचं दिसतं, डोकं वगैरे दुखत नाही. चष्म्याच्या दुकानात सहज म्हणून तिचे डोळे कॉम्प्युटरवर तपासले, तर दोन्हींना मायनस पाऊण असा कागद निघाला. घाबरून दुसरीकडे नेलं. तिथे सांगितलं, ‘जवळचं बघताना हिचं फोकसिंग मागे पडतं, आईबाबा दोघांना नंबर असला की मुलांत हे येतंच, व्यायामाची वीस सिटिंग्ज करा म्हणजे नंबर लागणार नाही.’ सासूबाई म्हणतात, खाण तशी माती, आणि इतक्यात चष्मा लावलात तर नंबर वाढतच जाईल. आईने गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद केली आहेत. त्यांचे प्रश्न : व्यायामाला घालू का? चष्मा करायला टाकू का? आणि हे माझ्यामुळेच झालं का?

उत्तर :

ताई, आधी तो दुकानातला कागद बाजूला ठेवा. त्यावरचं मायनस पाऊण हा मुलीचा नंबर आहे असं धरून चालू नका, आणि त्यावर चष्मा तर अजिबात करू नका.

त्या यंत्राला ऑटोरिफ्रॅक्टर म्हणतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आतल्या चित्राकडे बघायचं. बऱ्याच यंत्रांत सरळ लांबलचक रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा असतो. चित्र लांबचं वाटावं आणि डोळा सैल सुटावा म्हणून यंत्र ते मुद्दाम थोडं धूसर करतं. पण आपण नाकासमोरच्या डब्यात डोकावतोय हे मुलाला कळत असतंच. डोळ्यातला स्नायू आवळला जातो, आतलं भिंग फुगतं आणि यंत्राला तो डोळा मायनसचा, म्हणजे लांबचं धूसर दिसणारा, भासतो. तुमच्या मुलीच्या वयाला फोकस करण्याची ताकद तेरा डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) आसपास असते. म्हणजे नाकापासून जेमतेम आठ सेंटिमीटरवर धरलेलं अक्षरसुद्धा ती स्पष्ट करू शकते. त्या तेरातला एखादा डायॉप्टर नकळत खर्ची पडला तर नवल ते काय! चाळिशीनंतर हीच ताकद आटते आणि आपण पेपर हातभर लांब धरायला लागतो.

खरा नंबर कळतो तो थेंब टाकून. हे थेंब फक्त बाहुली मोठी करायला नसतात, फोकस करणारा स्नायू काही काळ झोपवायला असतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण नुसती बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यामागचा पडदा (रेटिना) बघायला पुरतात, पण मुलांचा नंबर काढायला पुरत नाहीत. या वयात डॉक्टर बहुधा सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिन वापरतात. सायक्लोपेंटोलेटचा असर साधारण दुसऱ्या दिवशी उतरतो, होमॅट्रोपिनला एक ते तीन दिवस लागतात. ॲट्रोपिनचं मलम दिलं तर आठवडा-दोन आठवडे धूसर दिसू शकतं. ते सहसा अगदी लहान किंवा तिरळेपणा असलेल्या मुलांसाठी राखून ठेवतात. तेव्हा शनिवारची वेळ घ्या, सोमवारी चाचणी परीक्षा नाही ना ते बघा आणि गृहपाठ आधीच उरकून टाका. थेंब चुरचुरतात हे मुलीला आधी सांगा. फसवून टाकले तर पुढच्या खेपेला ती डोळा उघडणार नाही. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात आणि अंगात कमी उतरतं. परत येताना डोक्यावर कॅप हवी, उन्हाचा त्रास होतो. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं किंवा मूल असंबद्ध बडबडायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. फिट्स येत असतील किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर तो थेंब टाकायच्या आधी सांगायचा.

ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे होते. खासगीत जायचं नसेल तर केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत नेत्रविभागाची ओपीडी आहे. अर्धा दिवस मोडेल, पण थेंबांचा असर व्हायला वेळ लागतोच, तो तुम्ही कुठेही गेलात तरी वाचणार नाही. कागदावर चार गोष्टी लिहून मागा : प्रत्येक डोळ्याची वेगळी दृष्टी, थेंबांनंतरचा नंबर, सिलिंडर (ठरावीक दिशेचा वेगळा नंबर) असल्यास तो आणि त्याचा ॲक्सिस (त्या दिशेचा कोन), आणि सोय असेल तर डोळ्याची मिलिमीटरमधली लांबी.

आणि कागदावर प्लस नंबर दिसला तर दचकू नका. लहान मुलांचा डोळा थोडा आखूड असतो, त्यामुळे थोडा प्लस असणं हेच चांगलं. ती गंगाजळी समजा. डोळा वाढत जातो तशी ती खर्च होते. काळजी करायची ती ही शिल्लक वयाच्या मानाने लवकर संपली असेल तर. सहाव्या वर्षी प्लस पाऊणपेक्षा कमी आणि सात-आठव्या वर्षी प्लस अर्धा किंवा त्याहून कमी निघाला, तर पुढे मायनस नंबर लागण्याचा धोका जास्त धरतात. अमेरिकेत हजारो मुलांना वर्षानुवर्षं तपासून काढलेली ही अनुमानं आहेत, आणि त्यात एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे : आईबाबांना किती नंबर आहे यापेक्षा मुलाचा स्वतःचा, थेंब टाकून काढलेला आकडा भविष्य जास्त नेमकं सांगतो. तुमच्या मुलीचा हा आकडा अजून कोणी काढलेलाच नाही. कागदाची फाइल जाड झाली आहे, पण मूळ माहिती कोरीच आहे.

आता फोकसिंगचं. पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरलं तर डोळ्याला तीन डायॉप्टर ताकद लावावी लागते. डोळे सहसा पुरी तीन लावत नाहीत, अडीच-सव्वादोनवर भागवतात. ही तूट म्हणजे ‘लॅग’, तुम्हाला सांगितलेलं ‘मागे पडणं’. पाऊण डायॉप्टरपर्यंतची तूट अगदी नेहमीची आहे. अक्षर तेवढ्याने धूसर होत नाही आणि मुलाला काही जाणवतही नाही. लॅग मोजताना थेंब टाकत नाहीत, ते बरोबरच, कारण थेंब टाकले तर मोजायला फोकसच उरणार नाही. पण मूळ नंबर त्याआधी थेंबांनी पक्का झालेला हवा. नाहीतर मोजपट्टीचं शून्यच सरकलेलं असतं. मुलीत लपलेला प्लस नंबर असेल तर तोही ‘मागे पडणं’ म्हणूनच दिसेल. तुमच्याकडे ही पायरी गाळून थेट वीस सिटिंग्जवर उडी मारली गेली.

व्यायाम सुचवणाऱ्याने हे हवेतून काढलेलं नाही, हेही मान्य करायला हवं. मायनस नंबरवाली मुलं जवळचं बघताना इतरांपेक्षा कमी फोकस करतात, हे १९९३मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यावरून एक पटण्यासारखा तर्क उभा राहिला. फोकस तोकडा पडला की प्रतिमा पडद्याच्या मागे पडते. मग डोळा तिला गाठण्यासाठी मागे लांबत जातो. लांबला की मायनस नंबर लागतो. कोंबडीच्या पिलांना मायनस काच लावली की त्यांचा डोळा खरोखरच लांबतो, त्यामुळे तर्काला बळही मिळालं. मग उपाय सरळ होता, फोकसला टेकू द्या. कॉमेट नावाच्या चाचणीत ४६९ मुलांपैकी निम्म्यांना खाली वाचनाची जादा ताकद असलेले प्रोग्रेसिव्ह चष्मे दिले आणि निम्म्यांना साधे. तीन वर्षांनी फरक किती पडला? ०.२० डायॉप्टर. चष्म्याचे नंबर पावापावाने चढतात. त्यातली एक पायरीसुद्धा भरली नाही.

दुसरा धक्का २००६मध्ये बसला. क्लीअर या अभ्यासात नंबर लागण्याच्या आधीपासून मुलांवर लक्ष ठेवलं होतं. पुढे ज्यांना मायनस नंबर लागला, त्यांचा लॅग आधीच्या वर्षांत इतरांपेक्षा जास्त नव्हता. तो वाढला नंबर लागल्यानंतर. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत फोकसचं मागे पडणं हा नंबराचा शेजारी निघाला, बाप नव्हे. ‘लॅग घालवला की नंबर लागणार नाही’ या वाक्याचा पाया इथेच खचतो.

मग आईबाबांकडून येतं ते काय? कॅलिफोर्नियात ओरिंडा इथल्या शाळकरी मुलांच्या डोळ्यांची मापं १९९४मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आईबाबांना मायनस नंबर होता, त्यांचे डोळे स्वतःला नंबर लागण्याच्या आधीच तुलनेने लांब होते आणि प्लसची शिल्लक कमी होती. वारसा येतो तो डोळ्याच्या आकाराचा आणि वाढीच्या कलाचा. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळ मानाने अडीच डायॉप्टरचा फरक. लांब झालेला डोळा कुठलाही व्यायाम आखूड करू शकत नाही. ‘नंबर घालवतो’ असं सांगणाऱ्याला लांबी आधी किती होती आणि नंतर किती झाली एवढंच विचारा.

सासूबाईंच्या म्हणीत म्हणून निम्मं तथ्य आहे. दोघा पालकांना नंबर असेल तर मुलाला लागण्याची शक्यता काही पटींनी वाढते. पण त्याच मातीत वेगळं पीक येतं, हेही मोजलेलं आहे. सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८मध्ये झाली. किमान एका पालकाला नंबर असल्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं होतं, सिंगापूरला ७१ टक्के आणि सिडनीला ६८. मुलांमध्ये मात्र मायनस नंबर सिंगापूरला २९.१ टक्के आणि सिडनीला फक्त ३.३ टक्के! सिडनीची मुलं वाचायची जास्तच. फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत : आठवड्याला सिडनीत पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन. दोन शहरांत इतरही शंभर गोष्टी वेगळ्या असणार, हे खरं. पण चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला, तेव्हा तीन वर्षांत नवा नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण ३९.५वरून ३०.४ टक्क्यांवर आलं. ही चाचणी शाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करून झाली होती, म्हणून तिच्यावर जास्त भिस्त ठेवता येते.

‘माझ्यामुळेच का’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जनुकं तुम्ही निवडून दिलेली नाहीत, आणि दिली असतील तर नवऱ्यानेही दिली आहेत. पत्रात त्यांच्या मायनस तीनबद्दल कोणी म्हण वापरलेली दिसली नाही. आईबाबा जनुकांबरोबर घरही देतात. पाचला अबॅकस, सहाला ट्यूशन, खाली खेळायला सोबत नाही, ही त्या घराची रीत. ती तुमच्या हातात आहे.

म्हणून पुस्तकांचं कुलूप काढा. आजच. वाचन बंद केल्याने जे साधत नाही ते अंतराने साधतं. वीस सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलला डोळा पाच डायॉप्टर खर्च करतो, ३३ सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला तीन, आणि तेच कार्टून तीन मीटरवरच्या टीव्हीवर लावलं तर एक तृतीयांश. मोबाइलवर काही बघायचंच असेल तर ते टीव्हीवर टाका. पुस्तकाचं अंतर मोजायला पट्टी नको. मूठ हनुवटीला लावायची. कोपर पुस्तकाला टेकलं की अंतर बरोबर. मुलीला स्वतःचं स्वतः तपासता येतं आणि दर पाच मिनिटांनी ‘लांब धर गं’ ओरडावं लागत नाही. लोळून वाचताना हे अंतर हमखास ढासळतं, कारण दमलेला हात पुस्तकासकट खाली येतो. अर्ध्या तासाने एकदा उठून खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघून यायचं, एवढं पुरे.

उजेडाचं गणित आपल्या घरांत फार फसवं असतं. ट्यूबलाइटखाली खोली लख्ख वाटते, पण मोजली तर दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरते. बाहेर झाडाच्या सावलीत काही हजार असतात, उघड्या उन्हात लाखापर्यंत. डोळ्याला फरक कळत नाही, कारण बाहुली आणि पडदा स्वतःला जुळवून घेतात. लख्ख उजेडात पडद्यातून डोपामिन हे रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. तेव्हा उन्हात करपायची गरज नाही. टोपी, सावली सगळं चालतं. खिडकीजवळ बसणं मात्र याला पर्याय नाही, ग्रिल आणि समोरच्या इमारतीमुळे आभाळाचा तुकडाच दिसतो.

रोज दोन तास हे लक्ष्य ठेवा. मुंबईत ते ऐकूनच हसू येतं, पण तुमच्या मुलीची शाळा सकाळची आहे, ही मोठी सोय आहे. शाळेत जाता-येता व्हॅनऐवजी चालणं झालं तर अर्धा तास तिथेच निघतो. उरलेला वेळ साडेचार ते सव्वासहामध्ये हवा, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. क्लास नेमके याच वेळेत असतात; अबॅकस अंधार पडल्यावरही करता येतं, उजेड मागे सरकवता येत नाही. शिवाजी पार्क तुम्हाला जवळ आहे. तिथे खेळात प्रावीण्य वगैरे मिळवायचं नाही, कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली तरी डोळ्याला चालतं. पावसाळ्यात भरल्या आभाळाखालीही घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, म्हणून उघडीप मिळाली की खाली पिटाळायचं. आणि हा उपाय नंबर लागण्याच्या आधी जास्त लागू पडतो. म्हणून आत्ताची दोन-तीन वर्षं मोलाची.

व्यायामांबद्दल सरसकट ‘नको’ म्हणणं अन्यायाचं होईल. वाचताना ओळी सुटतात, दहा मिनिटांत कपाळ दुखतं, अक्षरं दोन दिसतात, फळ्यावरून वहीकडे बघताना क्षणभर धूसर होतं, अशा तक्रारी असतील तर डोळे नाकाकडे वळवण्यातला किंवा फोकसमधला खरा दोष असू शकतो, आणि दवाखान्यात करून घेतलेल्या व्यायामांनी त्यातला डोळे वळवण्याचा दोष चांगला सुधारतो. तुमच्या मुलीला यातलं काहीच नाही. वीस सिटिंग्जचे पैसे ठेवा. लागलेच तर पुढे उपयोगी पडतील.

समजा थेंबांनंतर खरंच मायनस निघाला, तर? मग पूर्ण नंबराचा चष्मा. ‘कमी नंबर द्या म्हणजे वाढणार नाही’ हा उपाय मलेशियात २००२मध्ये रीतसर करून बघितला गेला. मुद्दाम पाऊण डायॉप्टर कमी दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. सासूबाईंना हे सांगताना आवाज चढवू नका, त्यांच्या पिढीत डॉक्टरही तसंच सांगायचे. चष्म्यातही आता मधला भाग स्वच्छ आणि भोवती बारीक भिंगांची जाळी असलेल्या काचा मिळतात. हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा काचांनी नंबर वाढण्याचा वेग जवळपास निम्म्यावर आला. महाग आहेत, आणि फ्रेम नाकावरून घसरत असेल तर मुलगी जाळीतूनच बघत राहते, म्हणून फिटिंग दर महिन्याला बघावं लागतं. रात्री झोपताना टाकायचे सौम्य ॲट्रोपिनचे थेंबही असतात. नंबर लागण्याच्या आधीच ते सुरू करावेत का, याची हाँगकाँगमध्ये ४ ते ९ वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली : ०.०५ टक्के थेंबांनी दोन वर्षांत नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण ५३वरून २८.४ टक्क्यांवर आलं, पण ०.०१ टक्के थेंब औषध नसलेल्या, पाण्यासारख्या थेंबांहून फारसे सरस ठरले नाहीत. हा निर्णय डॉक्टरांनी आकडे बघून घ्यायचा. मेडिकलमधून आणून सुरू करायची ही गोष्ट नाही. आकडे चांगले निघाले तरी दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवा, शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर. दोन वेगळ्या यंत्रांच्या मापांची तुलना करून उगाच घाबरायला होतं.

एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. मायनस साडेसहाचा डोळा लांब असतो, त्याचा पडदा ताणलेला आणि कडेला पातळ असतो. तुमचा पडदा बाहुली मोठी करून शेवटचा कधी तपासला होता? वर्षातून एकदा बघायला हवा. अचानक काळे ठिपके खूप वाढले, डोळा मिटल्यावर विजा चमकल्या किंवा नजरेसमोर बाजूने काळी सावली सरकल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दाखवायचं, रविवार असला तरी. मुलीच्या निमित्ताने तुमचीही वेळ घ्या. फक्त दोघींचे थेंब एकाच दिवशी टाकून घेऊ नका. परतताना रस्ता ओलांडायला एकीला तरी नीट दिसायला हवं.